ज्योत कुठे अडते?

दिवाळीच्या तोंडावर नंदुरबार जिल्ह्यात विस्तवाला मोठी मागणी असते. धनत्रयोदशीला सातपुड्यातल्या अस्तंभ्याच्या शिखराकडे यात्रेकरू निघतात. गावोगावी फराळाच्या कढया चढतात आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी कढत पाणी हवं असतं. शहादा, तळोदा, नवापूर, नंदुरबार इथल्या बाजारपेठांत शेगड्या आणि गिझर दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना या दिवसांत जेवायला उसंत मिळत नाही. दुकानात येणारी तक्रार मात्र दोन शब्दांच्या पलीकडे सहसा जात नाही : ‘पेटत नाही.’

या दोन शब्दांत किती वेगवेगळी दुखणी मावतात ते याच जिल्ह्यात नीट कळतं. शहाद्याच्या बंगल्यात पेटत नाही ते सेल संपल्यामुळे. तोरणमाळच्या जानेवारीत पेटत नाही ते थंडीमुळे. मोलगीच्या पलीकडच्या पाड्यावर पेटत नाही, कारण टाकी रिकामी होऊन महिने उलटलेले असतात. याच जिल्ह्यातून शिकून कॅनडा-अमेरिकेत गेलेल्या मुलांच्या घरात पेटत नाही तो ‘फर्नेस’, म्हणजे तळघरात बसवलेली, सगळं घर तापवणारी गॅसची भट्टी. जागा वेगळ्या, यंत्रं वेगळी. पण दोष शोधण्याची रीत सगळीकडे एकच आहे. ज्योत ही साखळीतली शेवटची कडी. ती दिसली नाही की आपण तिच्याकडेच बघत बसतो, आणि घोडं पेंड खात असतं भलतीकडेच.

टेबलावरची शेगडी

चांगला कारागीर शेगडीला हात लावण्याआधी विचारतो, “ताई, टाकी कधी बदलली?” टाकी नुकतीच बदलली असेल तर नळीत हवा असते. गॅस बर्नरपर्यंत पोचून ती हवा बाहेर जायला काही क्षण लागतात. तेवढ्यात लायटरचे दहा खटके वाजतात आणि ‘नवी टाकीच खराब आली’ असा निवाडाही होऊन जातो. दुसरा प्रश्न, “एकच बर्नर पेटत नाही की दोन्ही?” दोन्ही पेटत नसतील तर दोष दोघांच्या मागे, म्हणजे टाकी, रेग्युलेटर किंवा नळीत. एकच पेटत नसेल तर मागचं सगळं ठीक, दोष त्या बर्नरपुरता. या दोन प्रश्नांत निम्मं काम होतं. ज्याला ते विचारायचे सुचत नाहीत तो आधी पाना काढतो.

शेगडी उलटी केली की खरा कारखाना दिसतो. नॉबच्या मागे पितळेचा छोटा जेट असतो. त्याचं भोक मिलिमीटरहूनही लहान. टाकीच्या आत गॅस द्रवरूपात, वातावरणाच्या कित्येक पट दाबाखाली असतो. रेग्युलेटर तो दाब ३० मिलिबारच्या आसपास आणून सोडतो. तो गॅस जेटमधून वेगाने सुटतो आणि जाताना बाजूची हवा स्वतःबरोबर ओढून घेतो. पुढच्या नळीत दोघांचं मिश्रण होतं आणि बर्नरच्या टोपीच्या भोकांशी ते पेटतं. एक भाग गॅसच्या पूर्ण ज्वलनाला साधारण पंचवीस ते तीस भाग हवा लागते. हवेत गॅसचं प्रमाण दोन टक्क्यांच्या खाली गेलं तर तो पेटत नाही, साडेनऊच्या वर गेलं तरीही नाही. न पेटणारी शेगडी बहुधा या मर्यादेच्या एका बाजूला पडलेली असते : भोक तुंबल्यामुळे गॅस कमी, किंवा मिश्रणाची नळी बुजल्यामुळे हवा कमी.

कारागीर जेट काढून उजेडाकडे धरतो. भोकातून प्रकाशाचा ठिपका गोल दिसला पाहिजे. उतू गेलेलं दूध, पिठाची पूड, तेलाचा चिकटा यांनी तो अर्धवट झाकलेला असतो. इथे घरोघरी एक उपाय चालतो, सुई घालून भोक मोकळं करण्याचा. रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारायची सवय दोन पिढ्यांच्या हाताला होती, तीच इथे आली. पितळ मऊ, सुई पोलादाची. दोन-चार वेळा सुई फिरली की भोक मोठं किंवा वाकडं होतं, गॅस जास्त सुटतो, त्या मानाने हवा पुरत नाही आणि निळी ज्योत पिवळी होते. मग भांड्यांची बुडं काळी पडतात. म्हणून जाणता कारागीर जेट साबणाच्या पाण्यात टाकतो, फुंकून साफ करतो आणि भोक वाकडं झालं असेल तर नवा जेट बसवतो. नवा जेट काही महाग नसतो.

बरेच दिवस बंद राहिलेल्या शेगडीत वेगळेच भाडेकरू सापडतात. मिश्रणाची नळी म्हणजे आडोशाची, कोरडी पोकळी. त्यात कोळी जाळं विणतो, कुंभारीण माशी ओल्या मातीने तोंड लिंपून टाकते. अशी शेगडी पेटवायला गेलं की गॅस पुढे जाण्याऐवजी जेटपाशीच सांडतो आणि कधी कधी ज्योत नॉबच्या बाजूनेच बाहेर येते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे सातपुड्यात ती पुन्हा भेटणार आहे.

उरला लायटर. त्याच्या पोटात एक स्फटिक असतो. दांडा दाबला की आतला छोटा हातोडा त्यावर आदळतो, दाबामुळे स्फटिकात काही हजार व्होल्टचा विद्युतदाब तयार होतो आणि टोकाशी ठिणगी उडते. दाबातून वीज निर्माण होण्याचा हा गुण पिअर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवला. पावसाळ्यात टोकाशी ओल आणि काजळी साचली की ठिणगी आतल्या आत जिरते. कोरड्या फडक्याने टोक पुसलं की बहुतेक लायटर पुन्हा चालू लागतात.

न्हाणीघरातला खटखटाट

शेगडीला ठिणगी आपण देतो. गॅसचा गिझर ती स्वतः देतो आणि म्हणून तो अधिक गूढ वाटतो. नळ सोडला की खट्-खट्-खट् असा आवाज येतो, कधी ज्योत पेटून लगेच विझते, पुन्हा खट्-खट्. पहाटे पाच वाजता, उटणं लावून कुडकुडत बसलेल्या माणसाला हा आवाज फारच झोंबतो.

आतला क्रम असा. नळ सोडला की पाण्याचा दाब रबराच्या एका पडद्यावर येतो. पडदा फुगून एक दांडी ढकलतो, दांडी एक छोटं बटण दाबते. त्या बटणाने दोन जाड्या सेलांचा, म्हणजे तीन व्होल्टचा प्रवाह सुरू होतो. ठिणग्या पडू लागतात आणि गॅसची झडप उघडते. ज्योत पेटल्यावर तिच्यात उभी असलेली एक बारीक सळई ‘ज्योत आहे’ असं सर्किटला कळवते. काही सेकंदांत तो निरोप आला नाही तर सर्किट झडप बंद करून टाकतं.

या क्रमात कुठे अडलं ते आवाजावरून ओळखता येतं. नळ सोडूनही खटखट झालीच नाही, तर एकतर सेल संपले किंवा पाण्याचा दाब पुरत नाही. गच्चीवरची टाकी न्हाणीघराच्या जेमतेम वर असली, किंवा बोअरच्या पाण्याच्या क्षाराने आतली जाळी तुंबली की पडदा फुगतच नाही. जाळी काढून ब्रशने घासली की प्रश्न सुटतो. खटखट होते पण ज्योत नाही, तर गॅस येत नाही : टाकी संपली, कॉक बंद राहिला, किंवा नळीत हवा आहे. ज्योत येते आणि दोन-चार सेकंदांत जाते, तर तिची खबर देणारी सळई काजळली आहे किंवा सेल इतके अशक्त झालेत की ठिणगीपुरता जोर आहे, झडप धरून ठेवण्याइतका नाही. नवे सेल घालणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय. तरीही पुष्कळ घरांत तो सगळ्यांत शेवटी होतो.

या सळईची करामत सांगण्यासारखी आहे. ज्योतीत विद्युतभारित कण असतात, त्यामुळे ज्योतीतून अगदी क्षीण वीज वाहू शकते. हा प्रवाह अँपिअरच्या दशलक्षांश भागात मोजावा लागतो, पण ‘ज्योत आहे की नाही’ एवढं सांगायला तो पुरतो. ज्योत विझली तर प्रवाह तुटतो आणि झडप मिटते. न पेटलेला गॅस खोलीत साचू नये म्हणून ही योजना. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि कोपऱ्यात दबा धरून बसतो. म्हणून गिझर पेटून विझत असेल तर तो बिघडला असं न म्हणता आपलं काम करतोय असं म्हणायला हवं.

पण ही सळई एक गोष्ट ओळखू शकत नाही, ती म्हणजे खोलीतली हवा श्वास घेण्यालायक आहे की नाही. गिझर न्हाणीघराच्या आत, खिडकी थंडीसाठी पुठ्ठ्याने बुजवलेली, दार लावलेलं. ज्योत खोलीतला प्राणवायू खाते, ज्वलन अपुरं होऊ लागतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला धरतं. माणसाला गुंगी येते, पाय जड होतात आणि दार उघडण्याचं त्राण राहत नाही. महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येत राहतात. उपाय साधा आहे. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी न्यायची. नंदुरबारसारख्या गावांत घरांना मागचं अंगण किंवा गॅलरी असते, तरी गिझर आतच लागतो, कारण बाहेर ‘बरा दिसत नाही’. दिसण्यापायी एवढी जोखीम घेऊ नये.

तळघरातली भट्टी

उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या दिवाळीच्या कार्यक्रमांना आता दशकं झाली. १९८१ साली शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली, त्याआधीपासून ही कुटुंबं तिथे आहेत. तिकडे दिवाळी येते ती थंडीच्या उंबरठ्यावर. उन्हाळाभर झोपलेला फर्नेस याच सुमारास पहिल्यांदा चालू करायचा असतो आणि ‘पेटत नाही’चा फोन तिकडूनही येतो. नंदुरबारहून गेलेल्या मुलाला फर्नेसची गोष्ट सांगायची तर आईच्या न्हाणीघरातल्या गिझरचा उतारा पुरेसा आहे. क्रम तोच, फक्त पहारे जास्त.

भिंतीवरचा थर्मोस्टॅट ‘घर थंड झालं’ असा २४ व्होल्टचा निरोप देतो. मग एक छोटा पंखा सुरू होऊन भट्टीतली जुनी हवा धुराड्याबाहेर काढतो. पंख्याने खरंच हवा ओढली का, हे दाबावर चालणारा एक खटका तपासतो. तो खटका बसला तरच ठिणगीच्या जागी असलेली एक कांडी लालभडक तापते. जुन्या भट्ट्यांत ती सिलिकॉन कार्बाइडची असे, हल्ली सिलिकॉन नायट्राइडची असते. त्यानंतर गॅसची झडप उघडते, बर्नर पेटतात, ज्योतीतली सळई आपला क्षीण प्रवाह पाठवते, आणि मग मोठा पंखा गरम हवा घरभर फिरवतो. सळईचा निरोप आला नाही तर झडप मिटते. भट्टी साधारण तीनदा प्रयत्न करते आणि मग स्वतःला कुलूप लावून बसते.

तिकडच्या कारागिराचं निम्मं काम पुढच्या चार-पाच गोष्टींत संपतं. हवेची चाळणी महिनोन्‌महिने बदललेली नसते, त्यामुळे भट्टी आतल्या आत तापून सुरक्षेचा खटका तिला बंद पाडतो. बाहेरच्या धुराड्याच्या तोंडाशी बर्फ किंवा पालापाचोळा साचलेला असतो. आत जमणारं पाणी वाहून नेणारी नळी तुंबलेली असते. तापणाऱ्या कांडीला तडा गेलेला असतो. किंवा सळईवर पांढुरका थर बसलेला असतो. वीज आणि गॅस बंद करून, एक स्क्रू काढून, सळई बारीक घासणीने पुसली की भट्टी पुन्हा चालू होते. शहाद्याचा कारागीर गिझरच्या सळईला हेच करतो.

दोन फरक मात्र आहेत. पहिला, वीज गेली की फर्नेस बसला; त्याचे पहारेकरी सगळे विजेवर चालतात. आपली शेगडी लोडशेडिंगमध्येही पेटते. दुसरा फरक जास्त मोलाचा. फर्नेसच्या सर्किटवर एक बारीक दिवा असतो. भट्टी जिथे अडली असेल त्यानुसार तो ठरावीक वेळा लुकलुकतो आणि झाकणाच्या आतल्या तक्त्यात त्याचा अर्थ छापलेला असतो. अमुक वेळा लुकलुकला तर हवेचा खटका, तमुक वेळा तर ज्योतीची सळई. यंत्र नुसतं बंद पडत नाही, का बंद पडलं तेही सांगतं.

तोरणमाळची थंडी

सपाटीवरून शहाद्याकडून सातपायरी घाट चढून तोरणमाळला गेलं की समुद्रसपाटीपासूनची उंची साडेअकराशे मीटरच्या घरात जाते. यशवंत तलावाच्या काठावरची हिवाळी पहाट खालच्या खानदेशापेक्षा पुष्कळच थंड असते. अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबच्या परिसरात तर काही हिवाळ्यांत गवतावरचं दव गोठल्याच्या बातम्या आल्या आहेत. अशा पहाटे भरलेली टाकीसुद्धा दगा देते.

घरगुती एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळतो. साधा ब्युटेन मात्र उणे अर्ध्या अंशाला, म्हणजे पाणी गोठतं जवळपास तिथेच. टाकीतला द्रव वायू होताना आपल्याच अंगातली उष्णता खर्च करतो, त्यामुळे टाकी बाहेरच्या हवेहूनही गार पडते आणि तिच्या अंगावर पाण्याचे थेंब जमतात. प्रोपेन आधी उडून जातो. टाकी संपत आली की तळाशी राहतो तो बहुतांश आळशी ब्युटेन. गार पहाटे त्याच्या वाफेला रेग्युलेटरमधून पुढे ढकलण्यापुरता दाब उरत नाही. टाकी हलवली तर आत काहीतरी डुचमळतं, पण बर्नरला ज्योत धरत नाही.

यावर लोक करतात ते उपाय अंगावर काटा आणणारे आहेत. टाकी उकळत्या पाण्याच्या घमेल्यात ठेवणं, चुलीजवळ सरकवणं, आडवी किंवा उलटी करणं. आडव्या टाकीतून वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. द्रवाचा एक थेंब वायू झाला की अडीचशेपट जागा व्यापतो आणि शेगडीवर एकदम भडका उडतो. टाकी उभीच हवी. ती गार फरशीवरून उचलून लाकडी पाटावर ठेवावी, खोली उबदार होईस्तोवर थांबावं आणि गॅस कमी असताना दोन्ही बर्नर एकदम लावू नयेत. टाकीत किती गॅस उरलाय हे ओल्या फडक्याने कळतं. अंगावर ओला पट्टा ओढला की वरचा भाग लवकर सुकतो आणि जिथपर्यंत द्रव आहे तिथे ओल टिकते.

उंचीचा आणखी एक खेळ आहे, त्याचं खापर नाहकच गॅसवर फुटतं. तोरणमाळला पाणी शंभरऐवजी साधारण ९६ अंशांना उकळतं. उघड्या पातेल्यातली तूरडाळ त्यामुळे लवकर शिजत नाही. ‘गॅस मंद आहे’ म्हणून नॉब कितीही पिळला तरी पाणी ९६ अंशांच्या पुढे जाणार नाही. तिथे झाकण लावून कुकरच चढवायला हवा.

चांदसैलीच्या पलीकडे

आता त्या शेगडीकडे येऊ, जिच्यात काहीच बिघडलेलं नाही.

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली. ७ सप्टेंबर २०१९ रोजी देशातली आठ कोटीवी जोडणी आपल्याच औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, दिली गेली. १० ऑगस्ट २०२१ पासून योजनेचा दुसरा टप्पा आला. नंदुरबारसारख्या, जिथे सुमारे सत्तर टक्के लोकसंख्या आदिवासी आहे अशा जिल्ह्यात या योजनेने शेगडी आणि टाकी पाड्यापाड्यांवर नेली, हे निर्विवाद. धुराने डोळे चुरचुरणाऱ्या बाईच्या घरात निळी ज्योत पोचवणं ही छोटी गोष्ट नव्हती.

पण जोडणी एकदाच मिळते, टाकी पुन्हा पुन्हा भरावी लागते. महालेखापरीक्षकांनी २०१९ च्या अहवालात दाखवून दिलं की देशभरातले उज्ज्वलाचे लाभार्थी वर्षाला सरासरी ३.२१ टाक्याच भरून घेत होते. त्यानंतर सुधारणा झाली. २०२४-२५ मध्ये हा आकडा ४.४७ वर गेला. तरी रोजचा स्वयंपाक फक्त गॅसवर करणाऱ्या कुटुंबाला एवढ्या टाक्या पुरत नाहीत. वर्षातला उरलेला काळ लाकडाचा. आणि ही देशाची सरासरी आहे. डोंगरातल्या पाड्याचा आकडा सरासरीत बुडून जातो.

धडगाव किंवा मोलगीच्या परिसरात टाकी संपल्यावर काय काय जुळून यावं लागतं ते क्रमाने पाहावं. नंबर लावायला मोबाइलला रेंज हवी, आणि ती अनेक पाड्यांवर टेकडी चढल्याशिवाय मिळत नाही. नंबर लागला की आलेला कोड त्याच मोबाइलवर जपून ठेवायला हवा. गाडी तळोद्याहून चांदसैली घाटाने किंवा अक्कलकुव्याहून देवगोई घाटाने वर यायला हवी. पावसाळ्यात दरड कोसळली की चांदसैली बंद. गाडी मोठ्या रस्त्याला थांबते. तिथून सुमारे तीस किलोची टाकी डोक्यावर किंवा मोटारसायकलला बांधून पाड्यावर न्यावी लागते. सरदार सरोवराच्या पाण्याने वेढलेल्या नर्मदाकाठच्या गावांत तर ती बोटीत चढते. आणि ज्या दिवशी गाडी येईल त्या दिवशी हातात पूर्ण किंमत रोख हवी.

शेवटची कडी सगळ्यांत कच्ची. अनुदान आहे. उज्ज्वलाच्या टाकीमागे केंद्राचे ३०० रुपये आहेत आणि २०२४ पासून राज्याची मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना पात्र कुटुंबांना वर्षाला तीन टाक्यांचे पैसे देते. पण हे पैसे नंतर, बँकेच्या खात्यात येतात. आधी पूर्ण रक्कम मोजायची असते. खातं आधारशी जोडलेलं नसेल, केवायसी राहिली असेल तर पैसे अडतात. गंमत अशी की देशातली पहिली आधार कार्डं वाटली गेली ती याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी. ज्या जिल्ह्यातून आधार निघालं, तिथल्या बाईला बोटाचे ठसे जुळवायला अजून तालुक्याला खेटे घालावे लागतात. उज्ज्वलाच्या पहिल्या टप्प्यात ज्यांनी शेगडी आणि पहिली टाकी कर्जाऊ घेतली, त्यांचं सुरुवातीचं अनुदान त्या कर्जातच वळतं झालं होतं. म्हणजे जेव्हा सवय लागायची होती, नेमक्या तेव्हाच टाकी पुऱ्या भावाने पडली.

या साखळीतली एक कडी तुटली की शेगडी पोत्यात गुंडाळून खाटेखाली जाते. मग उंदीर रबरी नळी कुरतडतात, कुंभारीण माशी मिश्रणाची नळी लिंपते. सहा-आठ महिन्यांनी सणाला पैसे जुळतात, टाकी येते, पण शेगडी पेटत नाही, किंवा नॉबपाशी भडका होतो. पाड्यावर बातमी पसरते, ‘गॅस धोक्याचा.’ चूल तर होतीच. खापरावरचे मांडे किंवा मोठ्या तव्यावरची मक्याची भाकरी त्या छोट्या बर्नरवर तशीही नीट होत नव्हती. पैशाचा आणि रस्त्याचा दोष अशा रीतीने यंत्राच्या माथी मारला जातो आणि तिथे कायमचा चिकटतो.

फर्नेसला निदान लुकलुकणारा दिवा आहे. धडगावच्या साखळीला तसा दिवा नाही. सरकारी तक्त्यात ती बाई ‘गॅसजोडणी असलेली’ म्हणून मोजली जाते. तिची टाकी वर्षभरात किती वेळा भरली आणि कुठल्या कडीपाशी अडली हे त्या तक्त्यात दिसत नाही. गॅस कंपन्यांच्या संगणकात प्रत्येक टाकीची नोंद असते. ती माहिती गावनिहाय जाहीर केली तर कुठल्या गावात रेंज अडते, कुठे घाट, कुठे केवायसी, हे कुठल्याही तहसीलदाराला एका दुपारी वाचता येईल. पाच किलोची टाकी हा उपाय तर कागदावर आजही उपलब्ध आहे. ती उचलायला हलकी आणि एका वेळी मोजायची रक्कमही कमी. मोलगी आणि धडगावच्या आठवडे बाजारात ती मिळू लागली तर बाजाराला आलेली बाई मिठा-मिरचीबरोबर ती घेऊन जाऊ शकेल. दर पावसाळ्यानंतर एखादा कारागीर पाड्यावर पाठवून नळ्या आणि जेट तपासून घेणं हेही अवघड काम नाही.

शहरातल्या वाचकाने या दिवाळीत स्वतःच्या घरी चार गोष्टी कराव्यात. रबरी नळीवरची तारीख पाहावी आणि पाच वर्षं झाली असतील तर ती बदलावी. गळतीची शंका आली तर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघावेत. काडी ओढून बघू नये. गिझर न्हाणीघरात असेल तर बाहेर काढावा. गॅसचा वास आला तर विजेचं कुठलंही बटण चालू-बंद न करता दारं-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. तो चोवीस तास चालू असतो.

आणि नंदुरबारच्या जिल्हा प्रशासनाकडे व गॅस कंपन्यांकडे मागणी एकच आहे. यापुढे किती जोडण्या दिल्या हे सांगू नका. अक्रणी (म्हणजेच धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या प्रत्येक गावात वर्षभरात किती टाक्या भरल्या गेल्या, तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.